वाचवलेला माणूस कुठे गेला?

प्रश्न : तुम्ही लहानपणापासून सुपरहिरोंचे चाहते आहात आणि सिनेमाच्या रंगांचं कामही करता, म्हणून विचारतो. हल्लीचे हे सिनेमे एवढे डार्क का झालेत? अर्धा वेळ काही दिसत नाही, आणि दिसतं ते बघवत नाही. जुन्या चाहत्यांना हे खरंच आवडतं, की आमचंच वय झालं? माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, 'द बॅटमॅन' बघायचाच म्हणून हट्ट धरून बसलाय. दाखवू का?

उत्तर :

तुमच्या प्रश्नात दोन अंधार एकत्र कालवले गेलेत. एक पडद्यावरचा, ज्यात काही दिसत नाही. दुसरा गोष्टीतला, जो बघवत नाही. पहिल्यावर माझं पोट चालतं. सिनेमा एडिट झाल्यावर त्याचे रंग आणि उजेड जिथे बसवतात त्या डीआयच्या खोलीत मी वीसेक वर्षं बसतोय. दुसऱ्याशी नातं त्याहून जुनं. आधी मराठीतून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, आणि मग किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उपसून काढलेले बॅटमॅनचे सुटे अंक. गोष्ट अर्ध्यात सुरू व्हायची आणि अर्ध्यातच संपायची. पुढे काय झालं ते मी मनानेच रचायचो.

पडद्यावरचं आधी उरकतो, कारण त्यात दोष बऱ्याचदा सिनेमाचा नसतोच.

आम्ही ज्या पडद्यावर काम करतो त्याचा उजेड मोजून ठेवलेला असतो. डिजिटल सिनेमाच्या मानकाप्रमाणे कोऱ्या पांढऱ्या पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (हे पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड पडायला हवा. थ्रीडीत चित्र दोन डोळ्यांत वाटलं जातं, वर गॉगल येतो, आणि तोच उजेड साडेतीन-चारवर उतरतो. त्यात प्रोजेक्टरचा दिवा म्हातारा झालेला असला की बघायलाच नको. भर दुपारच्या गाण्यात हे कुणाला कळत नाही. पण रात्रीच्या प्रसंगात सगळा ऐवज काळ्याच्या आसपासच्या चार-पाच पायऱ्यांत कोंबलेला असतो, आणि गळतात त्या नेमक्या त्याच पायऱ्या.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, फजितीतून शिकलो. एका भयपटातली विहिरीजवळची रात्र मी इतकी झोकात काळी केली होती की आमच्या खोलीत निर्मात्याने टाळी दिली. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी एका तालुक्याच्या गावी, एकपडदा थिएटरात मागच्या रांगेत जाऊन बसलो. विहिरीचा सीन आला आणि पुढून आवाज आला, "ए, लाइट गेली का रे?" सगळं थिएटर फिसकन हसलं. तेव्हापासून एक नियम पाळतो. रात्रीच्या शॉटमध्ये बाकी काय बुडायचं ते बुडू दे, ज्याच्यासाठी शॉट लावलाय त्याच्या चेहऱ्याचा निदान एक गाल वर काढायचा. याला आम्ही विंडो टाकणं म्हणतो. चेहऱ्याभोवती मऊ कडेचा लंबगोल आखायचा, तो चेहऱ्याबरोबर सरकत राहील असं बघायचं, आणि आतला उजेड चिमूटभर वाढवायचा. प्रेक्षकाला हे कळता कामा नये. पण तो गाल नसला की प्रेक्षक त्या माणसाची काळजी करायचं सोडून देतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरी बघणार असाल तर टीव्ही 'व्हिव्हिड'वरून काढून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोडवर टाका आणि डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करा. मोबाइलवर असले सिनेमे बघू नका. एवढं केलंत तरी तुमची निम्मी तक्रार मिटेल.

आता गोष्टीतला अंधार. "डार्क झालेत" यातलं "झालेत" मला खटकतं. बॅटमॅन पहिल्यांदा आला तो मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात, सहा पानांच्या गोष्टीत. त्या सहा पानांतच त्याच्या एका ठोशाने खलनायक ॲसिडच्या टाकीत पडून मरतो, आणि आपले नायकसाहेब त्याची लायकी तीच होती अशा अर्थाचं काहीतरी बोलून मोकळे होतात. सुरुवातीच्या काही गोष्टींत त्याच्या हातात पिस्तूलही आहे. पुढच्या वर्षी त्याचा पोरगेला साथीदार रॉबिन आला, पोरं वाचायला लागली, मामला निवळला. मग १९५४ साली अमेरिकेत कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड झाली, सिनेटच्या उपसमितीसमोर सुनावण्या झाल्या, आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच कॉमिक्स कोड नावाची नियमावली लादून घेतली. अंकाच्या नावात 'हॉरर' हा शब्द नको, गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, शेवटी विजय चांगल्याचाच. १९६६ ते ६८ ची टीव्हीवरची बॅटमॅन मालिका, ती तिरकी कॅमेऱ्याची फ्रेम आणि ठोशागणिक पडद्यावर उमटणारी अक्षरं, ही सगळी त्या वातावरणातली पैदास. मला ती मनापासून आवडते. पण आपण ज्याला मूळचा निरागस सुपरहिरो समजतो तो मधल्या काळातला, नियमावलीने अंघोळ घालून पावडर लावून उभा केलेला.

आणि अंधार परत मागितला तो आम्हीच, चाहत्यांनी. याचा आकडासुद्धा आहे. १९८८ साली बॅटमॅन छापणाऱ्या डीसी कंपनीने दुसऱ्या रॉबिनचं, जेसन टॉडचं, काय करायचं ते वाचकांवर सोडलं. बॅटमॅनचा वैरी जोकर, त्याने त्याला पहारीने बडवून स्फोटात टाकलेला. दोन फोन नंबर दिले, एक 'जगू दे'साठी, एक 'मरू दे'साठी. कॉलला पन्नास सेंट. ५,२७१ लोक म्हणाले जगू दे. ५,३४३ म्हणाले मरू दे. बहात्तर मतांनी एक पोरगा गेला. तेव्हा मी शाळेत होतो, परळमधून अमेरिकेला फोन लावायची ऐपत नव्हती. असती तर मी कुठलं बटण दाबलं असतं ते सांगायची मला अजून लाज वाटते.

त्या दशकातल्या ज्या दोन पुस्तकांवर सगळं खापर फुटतं, म्हणजे १९८६ ची 'द डार्क नाइट रिटर्न्स' आणि १९८६-८७ ची 'वॉचमेन', त्यांच्याबद्दल रंगवाला म्हणून एक सांगू द्या. 'वॉचमेन' काळं नाहीये हो! त्याचे रंग भरणाऱ्या जॉन हिगिन्सने त्यात जांभळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे दुय्यम रंग वापरलेत. सुपरहिरोंचे नेहमीचे लाल-निळे-पिवळे बाजूला ठेवल्यामुळे पान आंबूस लागतं, पण उजेड भरपूर आहे. आणि त्या उजेडात रस्त्याच्या कोपऱ्यावर एक पेपरवाला बसलाय. त्याच्या शेजारी एक पोरगा जमिनीवर बसून फुकट कॉमिक वाचतोय. बारा प्रकरणांच्या त्या पुस्तकात हे दोघं अधूनमधून येत राहतात. पेपरवाला जगाच्या राजकारणावर बडबडतो, पोरगा ऐकत नाही. दोघांचं नाव एकच निघतं, बर्नार्ड. शेवटी आकाश पांढरं होतं तेव्हा हे दोघं एकमेकांना मिठी मारतात, आणि ती मिठी चौकटीगणिक विरघळत जाते. न्यूयॉर्कमध्ये किती लाख मेले ते मला आठवत नाही. हे दोघं आठवतात.

२००९ साली त्याचा सिनेमा आला. बहुतेक चौकटी कॉमिकबरहुकूम, हाडं मोडल्याचे आवाज कॉमिकपेक्षा जास्त. आणि थिएटरात दाखवलेल्या आवृत्तीत पेपरवाला आणि पोरगा जेमतेम दिसतात. लांबी कमी करायची म्हणून कापायला सोपे तेच होते.

माझी सगळी तक्रार एवढीच आहे. रक्त, राख, पाऊस, शिव्या, हे सगळं मला चालतं. पण या सिनेमांच्या मोठ्या भागातून ज्याला वाचवायचं तो माणूस नाहीसा झाला. सुपरहिरो ही काही लढाईची गोष्ट नव्हती. १९३८ च्या पहिल्या अंकात सुपरमॅन काय करतो? फाशी जाणाऱ्या एका निरपराध बाईसाठी गव्हर्नरच्या घरात घुसतो, आणि बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्याला भिंतीवर आपटतो. परग्रहावरचं सैन्य वगैरे पुढचं. तेव्हापासून माझं एकच माप आहे. सिनेमा संपल्यावर वाचवलेल्या एका तरी माणसाचा चेहरा मला आठवतो का? म्हणजे तोच तो गाल.

हे माप लावलं की उजळ आणि काळा ही विभागणी मोडून पडते. 'द डार्क नाइट' (२००८) घ्या. नावात डार्क, पण त्यातला बँकेचा दरोडा लख्ख दिवसा आहे. सगळ्यात अंगावर येणारा प्रसंग पोलीस चौकीतला : जोकर अंधारात बसलाय, पोलीस अधिकारी गॉर्डन बाहेर जातो, आणि फटकन दिवे लागतात. बॅटमॅन त्याच्या मागेच उभा असतो. तो पुढचा सगळा प्रसंग भगभगीत पांढऱ्या उजेडात आहे, जोकरचा ओघळलेला रंग, कपाळावरच्या चिरा, सगळं उघडं. आमच्या क्षेत्रात नवीन येणाऱ्या पोरांना मी तो प्रसंग दाखवतो. भीती दाखवायला अंधार लागतो असं कुणी सांगितलं? आणि शेवट बघा. बॅटमॅन तिकडे मारामारी करतोय, पण श्वास रोखून आपण बघतो त्या दोन बोटी. एका बोटीत शहरातले सभ्य लोक, दुसरीत कैदी, प्रत्येकाच्या हातात समोरची बोट उडवायचं बटण. एक आडदांड कैदी अधिकाऱ्याकडून ते यंत्र मागून घेतो आणि खिडकीतून पाण्यात भिरकावतो. त्या माणसाला सिनेमात नावही नाही. चित्रपट तिथे जिंकतो.

'मॅन ऑफ स्टील' (२०१३) बद्दल लोक सुपरमॅनने मोडलेल्या खलनायक झॉडच्या मानेवरून भांडतात. माझं भांडण त्याच्या आधीच्या अर्ध्या तासाशी आहे. इमारतींमागून इमारती कोसळतात आणि त्यात कोण होतं ते कॅमेरा विचारत नाही. एक मुलगी ढिगाऱ्यात अडकते, तिला तिचे सहकारीच ओढत बसतात. सुपरमॅन त्या गावात आहे की नाही याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. गंमत म्हणजे त्याच दिग्दर्शकाने तीन वर्षांनी 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'च्या सुरुवातीला तोच संहार जमिनीवरून दाखवला. ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन, सगळे पळत असतात त्याच्या उलट दिशेने धुळीत घुसतो. पाय चिरडलेल्या माणसाच्या अंगावरची तुळई उचलतो. एका मुलीला जवळ घेतो, तुझी आई कुठे आहे विचारतो, आणि ती मोडक्या इमारतीकडे बोट दाखवते. मी त्या सिनेमावर एरवी काय काय बोलतो ते इथे लिहिता येणार नाही, पण ती पहिली काही मिनिटं या सगळ्या दशकातल्या उत्तम कामात धरतो. म्हणजे त्यांना येत होतं. पुढचे दोन तास त्यांनी केलं नाही.

'लोगन' (२०१७) तर याहून क्रूर, आपल्याकडे 'ए' प्रमाणपत्र. हायवेवर एका शेतकरी कुटुंबाचे घोडे ट्रेलरमधून सुटतात, लोगन, म्हातारा चार्ल्स आणि सोबतची मुलगी हे तिघं थांबून मदत करतात, ते कुटुंब रात्री जेवायला घेऊन जातं. मक्याचं शेत, ताटं, पोराच्या खोलीतला म्युझिक प्लेअर. चार्ल्स म्हणतो की कित्येक दिवसांत इतकी चांगली रात्र गेली नव्हती. पुढे त्या कुटुंबाचं जे होतं ते बघवत नाही, आणि बघवू नये असंच आहे ते. इथे नायक वाचवू शकत नाही. पण न वाचवलेल्यांना चेहरे आहेत, म्हणून तो अंधार मला पटतो.

'जोकर' (२०१९) ला व्हेनिसमध्ये गोल्डन लायन मिळाला, नायकाला ऑस्कर मिळालं. मी दोनदा पाहिला आणि तिसऱ्यांदा पाहणार नाही. त्यात सुपरहिरोच नाही, तेव्हा माझं माप लावणं तसं अन्याय्य. तरी एक क्षण सांगतो. सिनेमाचा नायक आर्थर आपल्या घरी एकाचा खून करतो, आणि सोबत आलेला बुटका सहकारी गॅरी भिंतीला चिकटून थरथरतोय. आर्थर त्याला जायला सांगतो. गॅरी दाराशी जातो, आणि वरच्या कडीला त्याचा हात पोचत नाही. त्याला खुन्यालाच म्हणावं लागतं, जरा कडी काढतोस का? थिएटरात काही जण हसले, मग गप्प झाले. अख्ख्या सिनेमात एका माणसाच्या नजरेतून भीती दिसली ती तेवढीच. २०२४ मध्ये त्याचा पुढचा भाग सपशेल आपटला, पण त्यातही कोर्टात साक्ष द्यायला गॅरी येतो आणि त्या दिवसापासून आपलं काय झालं ते सांगतो. मला त्या पडलेल्या सिनेमातला तेवढाच प्रसंग उचलून घरी आणावासा वाटला.

मार्व्हलच्या सिनेमांबद्दल फार बोलत नाही. तिथे अर्धं विश्व धूळ होऊन उडालं तरी स्पायडरमॅनचा पुढचा सिनेमा येणार हे बाजूच्या सीटवरच्या पोराला माहीत असतं.

आणि उलट टोक म्हणजे २०२५ चा 'सुपरमॅन'. निळंशार आकाश, लाल चड्डी परत, मारामारीच्या मध्येच तो एका खारीला उचलून बाजूला ठेवतो. माझ्या वयाचे काही मित्र यावर चिडले, "आता खारी वाचवणार का?" हो बाबांनो, वाचवणार. (आपल्या सेन्सॉरने त्यातली चुंबनाची काही सेकंदं कापली. शहरं पाडलेली चालतात.) पण त्याच उजळ सिनेमात रस्त्यावर खाण्याची गाडी लावणारा एक माणूस आहे. खड्ड्यात पडलेल्या सुपरमॅनला तो हात देऊन उठवतो. पुढे खलनायक लेक्स लूथर त्या माणसाला सुपरमॅनसमोर बसवतो, त्याच्या डोक्याला पिस्तूल लावतो आणि एकेक प्रश्न विचारत चाप ओढत जातो. मी हे सगळे काळेकुट्ट सिनेमे पचवलेला माणूस, त्या प्रसंगाला खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो.

तेव्हा आवडतं का, तर आवडतं. तुमचं वय झालेलं नाही. तुम्हाला जे खुपतंय ते बहुधा अंधारात रिकाम्या इमारती बघण्याचं खुपतंय.

आता चिरंजीवांचं. 'द बॅटमॅन' (२०२२) जवळपास तीन तासांचा आहे. त्यात चेहऱ्याला चिकटपट्टी गुंडाळलेलं प्रेत आहे, उंदरांचा पिंजरा तोंडावर बसवलेला माणूस आहे, आणि एका मुलीचा गळा दाबला जातानाचं फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकवलंय. शेवटचं सगळ्यात वाईट, कारण दिसत काहीच नाही. अकराव्या वर्षी एकट्याने तर नकोच, आणि मी तुमच्या जागी असतो तर दोनेक वर्षं थांबलो असतो. तोवर १९९२ ची बॅटमॅनची ॲनिमेशन मालिका दाखवा. तिची पार्श्वभूमीची चित्रं काळ्या कागदावर रंगवलेली आहेत. इतर सगळे पांढऱ्या कागदावर काळोख भरत असतात, या मंडळींनी काळोख आधीच धरला आणि त्यावर फक्त उजेड काढला : एक खिडकी, एक दिव्याचा खांब, एका गाडीची कड. पोरांना ती मालिका समजते आणि बापांनाही कंटाळा येत नाही. नंतर २००४ चा 'स्पायडर-मॅन २'. ट्रेन थांबवून तो कोसळतो तेव्हा डब्यातले प्रवासी त्याला डोक्यावरून हातोहात आत घेतात, मुखवटा निघालेला असतो, आणि हा तर कोवळा पोरगाच आहे असं एकजण म्हणतो. मुंबईची लोकल माहीत असलेल्या मुलाला तो प्रसंग वेगळा समजवावा लागत नाही.

आणि 'द बॅटमॅन' जेव्हा दाखवाल तेव्हा शेजारी बसा. सुरुवातीला तो एका गुंडाला बडवतो आणि तू कोण विचारल्यावर "मी सूड आहे" म्हणतो. ज्या माणसाला त्याने तेव्हा वाचवलं, तो त्यालाच हात जोडतो, मला मारू नकोस. शेवटी एका हल्लेखोराचा मुखवटा काढला जातो, आणि तो तेच वाक्य बोलतो, "मी सूड आहे". सभागृहात पाणी भरतं, दिवे जातात. बॅटमॅन लाल फ्लेअर पेटवून पाण्यात उतरतो आणि अडकलेल्या लोकांपुढे हात करतो. कुणी हात देत नाही. त्यांनाही तो भीतिदायकच वाटतो. माझी भाची तेरा वर्षांची असताना आम्ही हे बघत होतो. तिने रिमोट घेऊन सिनेमा थांबवला आणि म्हणाली, "मामा, पहिला हात त्या मेयरच्या मुलाने दिला. ज्याचे बाबा सुरुवातीला मेले ना, तो." मी तो सिनेमा तोवर तीनदा पाहिला होता, फ्लेअरचा लाल रंग चेहऱ्यांवर कसा उतरवलाय ते बघत. हात कुणाचा होता हे मी पाहिलंच नव्हतं.